रुबेन ब्लेड्स: साल्सा गायक, नट आणि कार्यकर्ता – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुबेन ब्लेड्स म्हणजे नेमके कोण?

पनामाचे गायक, गीतकार, नट, वकील आणि राजकारणी. जन्म 16 जुलै 1948, पनामा सिटी. संगीतकार विली कोलोन यांच्याबरोबर त्यांनी केलेला 1978 चा 'सिएम्ब्रा' हा साल्साच्या इतिहासातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांमध्ये गणला जातो. हॉलिवूडच्या सिनेमांत आणि मालिकांत ते 1980 च्या दशकापासून दिसतात. 1994 मध्ये त्यांनी पनामाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, आणि 2004 ते 2009 या काळात ते देशाचे पर्यटनमंत्री होते.

यादी वाचून हा माणूस एकाच वेळी अनेक दगडांवर पाय ठेवून उभा आहे असं वाटेल. मला तसं वाटत नाही. त्यांची गाणी नीट ऐकली की ध्यानात येतं, प्रत्येक गाण्यात कुणाची तरी बाजू मांडलेली असते: नाव, वय, कपडे, पत्ता, शेवटचं कुठे पाहिलं. वकिलाला अशिलाचं बोलणं ऐकायची सवय असते, नटाला दुसऱ्याच्या अंगात शिरायची. ब्लेड्स गाणं लिहिताना ही दोन्ही कामं एकदमच करतात. राजकारण त्यातूनच आलं. पुढची सगळी उत्तरं या समजुतीतून लिहिली आहेत.

आडनाव 'ब्लेड्स' म्हणायचं की 'ब्लादेस'?

दोन्ही चालतं. त्यांचे आजोबा कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया या इंग्रजी बोलणाऱ्या बेटावरून पनामात आले, त्यामुळे घरात इंग्रजी धाटणीचा उच्चार राहिला. स्पॅनिश बोलणारं जग बहुतेक 'ब्लादेस' म्हणतं.

घरात गाणं होतं का?

भरपूर. आई अनोलांद मूळच्या क्युबाच्या. त्या पियानो वाजवत, गात आणि रेडिओवर अभिनयही करत. वडील कोलंबियाचे, ते बोंगो वाजवत, खेळाडू होते आणि पोलिसखात्यात गुप्तहेराचं काम करत. धाकटा भाऊ रोबेर्तोही पुढे गायक झाला. लहानपणी रुबेन यांच्यावर खरी छाप पडली ती आजी एमा यांची. त्या शिक्षिका होत्या, आणि नातवाला वाचायला त्यांनीच शिकवलं.

घर सान फेलिपे या जुन्या वस्तीत होतं. रेडिओवर क्युबाचं संगीत लागे आणि अमेरिकेचं रॉक अँड रोलही. पोरवयात त्यांना फ्रँकी लायमन या अमेरिकन पोरसवदा गायकाचं वेड होतं. पुढे प्वेर्तो रिकोचे चेओ फेलिसियानो त्यांचे आदर्श झाले, आणि सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या गायकीची सावली स्पष्ट ऐकू येते.

अमेरिकेविषयीचा त्यांचा राग कुठून आला?

राग म्हणण्यापेक्षा भ्रमनिरास म्हणा. पनामा कालव्याच्या दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 16 किलोमीटर रुंदीची पट्टी 1903 च्या करारानं अमेरिकेच्या ताब्यात गेली होती. देशाच्या मधोमध परका मुलूख, त्याचे वेगळे पोलीस, वेगळ्या शाळा. 9 जानेवारी 1964 रोजी पनामाचे विद्यार्थी आपला झेंडा घेऊन त्या पट्टीतल्या बाल्बोआ हायस्कूलवर गेले. झटापटीत झेंडा फाटला, दंगल पेटली, वीसहून अधिक पनामावासी मारले गेले. पनामात तो दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात.

ब्लेड्स तेव्हा पंधरा वर्षांचे होते. ज्या देशाची गाणी ते तोंडपाठ म्हणत होते, त्याच देशाचे सैनिक आपल्या गावच्या पोरांवर गोळ्या झाडत आहेत हे त्यांनी पाहिलं. ते अमेरिकेचा द्वेष करायला लागले नाहीत. पुढे आयुष्याचा मोठा भाग त्यांनी न्यूयॉर्कमध्येच काढला. पण त्यानंतर कुठलीच सत्ता त्यांना भाबडेपणानं पाहता आली नाही.

गायक व्हायचं होतं तर कायदा कशाला शिकले?

पनामा विद्यापीठात ते कायद्याचे विद्यार्थी होते. ऑक्टोबर 1968 मध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि विद्यापीठ बंद पडलं. मग त्यांनी न्यूयॉर्क गाठलं आणि 1970 मध्ये पीट रॉड्रिगेझ यांच्या वाद्यवृंदाबरोबर पहिला अल्बम केला. तो फारसा कुणाच्या कानावर गेला नाही. विद्यापीठ उघडल्यावर ते परतले, पदवी पुरी केली आणि राष्ट्रीय बँकेत वकील म्हणून लागले.

दरम्यान वडिलांवर लष्करी राजवटीचा संशय बसला आणि कुटुंब देश सोडून मायामीला गेलं. 1974 मध्ये रुबेनही निघाले. जिथे कायदाच बंदुकीच्या धाकात आहे तिथे वकिली करण्यात त्यांना अर्थ वाटेना.

फानिया कंपनीत ते टपाल वाटत होते, हे खरं का?

खरं आहे. फानिया ही न्यूयॉर्कची रेकॉर्ड कंपनी, 1964 मध्ये वाद्यवृंदप्रमुख जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी काढलेली. साल्सा जगभर गेला तो मुख्यतः याच कंपनीच्या तबकड्यांमधून. ब्लेड्स यांना तिथे गायचं होतं, पण जागा मिळाली ती टपालखोलीत. कायद्याची पदवी खिशात, आणि दिवसभर पाकिटं नि पार्सलं. गाणी लिहिणं मात्र थांबलं नव्हतं. कंपनीचे मोठे गायक त्यांची गाणी घेऊ लागले, मग काँगा या उंच ढोलाचे वादक रे बारेत्तो यांनी त्यांना आपल्या वृंदात गायक म्हणून घेतलं, आणि 1975 मध्ये विली कोलोन यांच्या अल्बममध्ये त्यांना एक गाणं मिळालं.

कोलोन ब्राँक्समध्ये वाढलेले, ब्लेड्स यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान, आणि पोरवयापासून ट्राँबोन या पितळी वाद्यावर नाव कमावलेले. त्यांच्या वृंदाचा तो खरखरीत, रस्त्यावरचा ट्राँबोन आणि ब्लेड्स यांचे शब्द एकत्र आले, आणि 1977 मध्ये दोघांचा 'मेतिएंदो मानो' निघाला.

साल्सा म्हणजे संगीत की नाच?

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या क्लासेसमुळे आधी नाच आठवतो. मुळात साल्सा हे संगीत आहे. क्युबाचा 'सोन' हा त्याचा पाया. न्यूयॉर्कच्या प्वेर्तो रिकन आणि क्युबन वस्त्यांत त्यात जॅझ, प्वेर्तो रिकोचे ताल आणि शहराचा गोंगाट मिसळला. सगळ्याचा कणा म्हणजे क्लावे: दोन मात्राखंडांवर पसरलेले पाच ठोके, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. काँगा, तिंबाल, बोंगो, पियानो, बास, सगळे त्या पाच ठोक्यांना सांभाळून वाजतात. कधी कधी तो ठोका प्रत्यक्ष कुणी वाजवतही नाही, तरी सगळ्यांच्या अंगात तो चालू असतो.

गाण्याचे साधारण दोन भाग. पहिल्यात कहाणी सांगितली जाते. दुसरा 'मोंतुनो'. त्यात कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि मुख्य गायक मधल्या जागांत ऐन वेळी सुचलेल्या ओळी टाकत जातो. पोवाड्यात शाहीर पुढे जातो आणि झीलकरी 'जी जी' करत धृपद उचलून धरतात, तशीच ही घडण. म्हणूनच स्पॅनिशचं अक्षर न कळतासुद्धा मराठी कानाला ब्लेड्स यांची गाणी चटकन आपलीशी होतात, असं मला मनापासून वाटतं.

'सिएम्ब्रा'मधलं 'पेद्रो नवाहा' एवढं गाजलं का?

याचं उत्तर लांबणार आहे, कारण हे गाणं त्या लायकीचं आहे.

सुरुवात अगदी बारीक आहे: काँगा आणि आवाज, दुसरं काही नाही. जुन्या वस्तीच्या कोपऱ्यावरून एक गुंड चालला आहे. ब्लेड्स त्याला डोक्यापासून पायापर्यंत दाखवतात. हात कोटाच्या खिशात, म्हणजे सुरा कुठल्या हातात आहे ते दिसू नये. रुंद काठाची टोपी एका बाजूला झुकलेली. पायात कॅनव्हासचे बूट, वेळ आलीच तर पळता यावं म्हणून. काळा चष्मा, आणि हसला की चमकणारा सोन्याचा दात. चार ओळींत माणूस उभा राहतो, आणि त्याच्या कपड्यांतल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

थोड्या अंतरावर एक बाई पदपथाची पाचवी खेप घालते आहे. आज गिऱ्हाईक नाही. ती एका दारातून आत शिरते, एक घोट घेते, परत येते. रस्त्यावरून एक गाडी संथपणे जाते. गाडीवर काही लिहिलेलं नाही, पण ती पोलिसांची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी गेल्यावर पेद्रो आवाज न करता रस्ता ओलांडतो. त्याच वेळी ती बाई कोटातलं पिस्तूल काढून पर्समध्ये ठेवायला लागलेली असते. सुरा तिच्या अंगात शिरतो, पेद्रो हसतो, दात चमकतो, आणि पिस्तुलाचा बार होतो. दोघंही पडतात.

कुणी खिडकी उघडत नाही, कुणी विचारत नाही, कुणी रडत नाही. एक दारुडा येतो, दोन मुडद्यांना अडखळतो, पिस्तूल, सुरा आणि चार पैसे उचलतो आणि भसाड्या आवाजात गाणं म्हणत निघून जातो. तो जे गातो तेच गाण्याचं धृपद होतं: आयुष्य तुम्हाला अचंबे देत राहतं. अख्खं लॅटिन अमेरिका ही ओळ म्हणीसारखी वापरतं.

आता संगीत ऐका. कहाणी जसजशी पुढे सरकते तसतशी पट्टी चढत जाते. आधी फक्त काँगा, मग एकेक वाद्य येऊन मिळतं, ट्राँबोन येतात, पोलिसांचे भोंगे वाजतात. सूर वर चढल्यामुळे ऐकणाऱ्याच्या छातीवरचा दाब वाढत जातो, आणि हे आपल्याला कळतही नाही. जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्त वाइल यांच्या सुरेवाल्या गुंडाच्या गाण्यावरून त्यांना कल्पना सुचली होती. पण तिथे गुंड निसटतो, इथे तो मरतो. बाई निव्वळ बळी म्हणून येत नाही, हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

हे गाणं सात मिनिटांहून लांब आहे. रेडिओला तीन मिनिटांचं गाणं लागायचं, आणि तेही नाचायचं, प्रेमाचं. त्या बाजारात खुनाची सात मिनिटांची कहाणी चालली.

'सिएम्ब्रा'मध्ये आणखी काय आहे?

सिएम्ब्रा म्हणजे पेरणी. पहिलंच गाणं 'प्लास्तिको' चकवतं. सुरुवात डिस्कोसारखी होते, आपण त्या काळच्या चकचकीत गाण्याची वाट पाहतो, आणि अचानक काँगा आत घुसतो. गाणं दिखाऊ, हिशेबी, रंगाचा तिरस्कार करणाऱ्या मध्यमवर्गावर आहे. शेवटी ब्लेड्स लॅटिन अमेरिकेतल्या एकेका देशाचं नाव पुकारतात आणि कोरस 'हजर' म्हणतो. शाळेतली हजेरी असावी तशी. अल्बमच्या पहिल्या सात मिनिटांतच त्यांनी आपला श्रोता कोण आहे ते जाहीर करून टाकलं.

त्याआधीच्या 'मेतिएंदो मानो'मधलं 'पाब्लो पुएब्लो' ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. कारखान्यातून दमून घरी येणारा माणूस, भिंतींवर जुन्या निवडणुकीची फाटकी पोस्टरं, घरात भूक. गाण्यात घडत काहीच नाही. तो चालत येतो, एवढंच.

'एल कान्तान्ते' त्यांनी स्वतः का नाही गायलं?

लिहिलं होतं स्वतःसाठीच. लोकांना हसवणारा, पण आपलं दुःख कुणी विचारत नाही अशा गायकाचं ते मनोगत आहे. त्याच सुमारास प्वेर्तो रिकोचे गायक एक्तोर लावो खूप वाईट दिवसांतून जात होते. कोलोन यांनी हे गाणं लावोंना देण्याची गळ घातली, आणि ब्लेड्स यांनी दिलं. 1978 मध्ये ते लावोंच्या आवाजात आलं आणि त्यांची ओळखच होऊन बसलं. 1993 मध्ये लावो गेले. आज ते गाणं दुसऱ्या कुणाचं होतं हे सांगावं लागतं. आपलं सर्वोत्तम गाणं दुसऱ्याच्या हाती देणं सोपं नसतं, पण ते योग्य गळ्यात गेलं यात मला शंका नाही.

त्यांच्या गाण्यांवर बंदी आली होती का?

1981 च्या 'तिबुरोन' या गाण्यावरून मोठं वादळ उठलं. तिबुरोन म्हणजे शार्क. कॅरिबियनच्या पाण्यात फिरणारा, कधी न झोपणारा, सगळं गिळू पाहणारा मासा. रोख महासत्तेच्या हस्तक्षेपावर. मायामीच्या क्युबन निर्वासितांच्या रेडिओ केंद्रांनी ब्लेड्स यांच्या गाण्यांवर बहिष्कार टाकला आणि त्यांना कम्युनिस्ट ठरवलं.

ते कम्युनिस्ट नव्हते. पनामाचा हुकूमशहा नोरिएगा आणि त्याला हटवण्यासाठी डिसेंबर 1989 मध्ये झालेली अमेरिकेची स्वारी, दोन्हींवर त्यांनी टीका केली. 2014 मध्ये व्हेनेझुएलातल्या निदर्शनांच्या वेळी त्यांनी तिथल्या सरकारबद्दल जाहीरपणे लिहिलं, राष्ट्राध्यक्ष मादुरो यांनी उत्तर दिलं, आणि ब्लेड्स यांनी त्यालाही प्रत्युत्तर दिलं. उजव्यांनी डावा म्हणावं आणि डाव्यांनी उजवा, हे त्यांच्या नशिबी कायम आलं.

कोलोनना सोडून त्यांनी काय वेगळं केलं?

'सेइस देल सोलार' नावाचा छोटा वृंद बांधला आणि ट्राँबोनचा ताफा काढून टाकला. त्याजागी व्हायब्राफोन आणि सिंथेसायझर आले. साल्सावाल्यांना हे पाप वाटलं. 1984 मध्ये 'बुस्कान्दो आमेरिका' आला, एका बड्या अमेरिकन कंपनीकडून, आणि तरीही पूर्ण स्पॅनिशमध्ये.

त्यातली दोन गाणी मी कुणालाही आधी ऐकवतो.

पहिलं 'देसापारिसिओनेस'. लॅटिन अमेरिकेच्या लष्करी राजवटी माणसं उचलून नेत आणि ती परत येत नसत. गाण्यात एकामागून एक नातेवाईक येतात आणि हरवलेल्या माणसाचं वर्णन सांगतात. एक बाई नवऱ्याला शोधते आहे: वय चाळीस, गाड्यांच्या दुकानात पहारेकरी, गडद शर्ट, फिकट पँट. आक्रोश कुठेही नाही. पोलीसचौकीत तक्रार लिहून घ्यावी तसं सगळं कोरडं, नेमकं. मग धृपद विचारतं, नाहीसे झालेले जातात कुठे, आणि परत येतात कधी. एखादं हत्याकांड सांगायला शर्टाचा रंग पुरतो, हे मला या गाण्यानं शिकवलं. 'माना' आणि 'लोस फाबुलोसोस कादिलाक्स' या रॉक बँडनीही ते पुढे आपापल्या परीनं गायलं.

दुसरं गाणं पाद्री आंतोनियो आणि त्याचा छोटा मदतनीस आंद्रेस यांचं. मागे प्रेरणा आहे एल साल्वादोरचे आर्चबिशप ओस्कार रोमेरो यांची. 24 मार्च 1980 रोजी प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. गाण्यात स्पेनहून आलेला एक साधा पाद्री आहे आणि दहा वर्षांचा, फुटबॉलवेडा पोरगा. दोघं एकाच वेळी मरतात. चाल मात्र रडकी नाही. शेवटी घंटा वाजत राहतात आणि लोक नाचतात. पहिल्यांदा ऐकताना हे खटकतं. मग कळतं की त्या वस्तीनं त्याला असाच निरोप दिला असता.

एवढं नाव झाल्यावर हार्वर्डला का गेले?

कारण शिकायचं होतं. 1985 मध्ये त्यांनी हार्वर्डमधून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली. ऐन भरात असलेला गायक दौरे बाजूला ठेवून वर्गात बसतो, याचं संगीत-बाजाराला आश्चर्य वाटलं. पुढे राजकारणात उतरायचं त्यांच्या मनात तेव्हाच होतं.

सिनेमांपैकी काय पाहावं?

1985 चा 'क्रॉसओव्हर ड्रीम्स' पाहा, दिग्दर्शक लेऑन इचासो. गोऱ्या बाजारात नाव काढायच्या नादात आपल्या जुन्या सोबत्यांना टाकून देणारा साल्सा गायक ब्लेड्स यांनी त्यात रंगवला. भूमिका अंगावर येते, कारण तो मोह त्यांच्या स्वतःच्या दारात उभा होता. रॉबर्ट रेडफर्ड दिग्दर्शित 'द मिलाग्रो बीनफिल्ड वॉर' (1988) मध्ये ते गावचे शेरीफ आहेत: दोन्ही बाजूंना शांत ठेवता ठेवता थकलेला माणूस. 'क्रेडल विल रॉक' (1999) मध्ये चित्रकार दिएगो रिवेरा. 'प्रिडेटर 2', 'द डेव्हिल्स ओन', 'सेफ हाउस' यांतही ते आहेत. 1998 मध्ये पॉल सायमन आणि डेरेक वॉलकॉट यांच्या 'द केपमॅन' या ब्रॉडवे नाटकात ते होते. नाटक लवकर उतरलं.

नव्या प्रेक्षकाला ते ठाऊक आहेत 'फिअर द वॉकिंग डेड'मुळे. 2015 पासून त्यांनी त्यात दानिएल सालाझार हा लॉस एंजेलिसमधला न्हावी साकारला. शांत, कुटुंबवत्सल माणूस. हळूहळू उघड होतं की एल साल्वादोरच्या यादवीत तो माणसांचा छळ करायचा. म्हणजे ज्या युद्धात मारल्या गेलेल्या पाद्र्यासाठी ब्लेड्स यांनी 1984 मध्ये गाणं रचलं, त्याच युद्धातल्या छळ करणाऱ्याच्या कातडीत ते तीस वर्षांनी शिरले. मालिका झाँबींची आहे म्हणून नाक मुरडू नका. त्या न्हाव्याच्या खुर्चीशेजारी उभे राहून ते जेव्हा खालच्या आवाजात बोलतात, तेव्हा त्यांच्यातला गीतकार दिसतो.

कार्यकर्ता म्हणून प्रत्यक्ष काय केलं?

1985 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध कलाकारांनी एकत्र येऊन 'सन सिटी' हे गाणं केलं, त्यात ते होते. 2000 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशभेदाविरोधातल्या कामासाठी त्यांना सदिच्छादूत नेमलं. पण त्यांचं सर्वात मोठं धाडस म्हणजे त्यांनी काढलेला पक्ष.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ते का हरले?

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'पापा एगोरो' हा पक्ष स्थापन केला. नाव एम्बेरा या आदिवासी भाषेतलं, अर्थ धरणीमाता. पनामाच्या राजकारणात पक्षाला आदिवासी नाव देणं हीच एक भूमिका होती. 8 मे 1994 च्या निवडणुकीत एर्नेस्तो पेरेझ बाल्यादारेस निवडून आले, मिरेया मोस्कोसो दुसऱ्या, आणि ब्लेड्स सुमारे 17 टक्के मतं घेऊन तिसरे.

कारणं समजायला अवघड नाहीत. पक्ष नवा, गावोगावी कार्यकर्त्यांचं जाळं नाही, पैसा कमी. उमेदवार वीस वर्षं परदेशात राहिलेला, आणि 'हा तर न्यूयॉर्कचा माणूस' हा आरोप सतत होत राहिला. प्रस्थापित पक्षांकडे जुनी घराणी होती आणि नोकऱ्या वाटायची ताकद होती. मत देणाऱ्यांपैकी साधारण दर सहाव्या माणसानं एका गायकाला मत दिलं, ही मात्र लहान गोष्ट नाही. पक्ष पुढे टिकला नाही. नेत्याच्या नावावर उभ्या राहिलेल्या संघटनेचं बहुतेकदा असंच होतं, आणि हा दोष ब्लेड्स यांच्याही पदरात पडतो.

मग मंत्री कसे झाले? हा शब्द फिरवणं नव्हे का?

हा प्रश्न पनामातही विचारला गेला. 2004 मध्ये मार्तिन तोरिहोस राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी ब्लेड्स यांना पर्यटनखातं दिलं. मार्तिन हे 1968 च्या बंडानंतर देशावर हुकमत गाजवणाऱ्या ओमार तोरिहोस यांचे चिरंजीव. ज्या राजवटीमुळे ब्लेड्स यांचं घर देशोधडीला लागलं, तिच्याच वारसाच्या मंत्रिमंडळात ते बसले.

माझं मत असं: बाहेरून टीका करणाऱ्याला कधीतरी आत जाऊन काम करून दाखवावं लागतं, आणि सरकार लोकांनी निवडून दिलेलं होतं. पाच वर्षं त्यांनी गाणं जवळपास बाजूला ठेवलं. कारकिर्दीच्या त्या टप्प्यावर हे फार मोठं मोल आहे. ज्यांना हा समझोता वाटतो त्यांचंही मी चूक म्हणणार नाही.

कोलोन आणि त्यांचं भांडण काय होतं?

पैशाचं. 2003 मध्ये 'सिएम्ब्रा'ला पंचवीस वर्षं झाली म्हणून सान हुआनला दोघांचा कार्यक्रम झाला. त्याच्या मानधनावरून वाद होऊन 2007 मध्ये कोलोन कोर्टात गेले. ज्या जोडीनं एवढं दिलं तिचं नाव कोर्टाच्या कागदांवर यावं, हे आम्हा चाहत्यांना फार लागलं.

मी साल्सा नाच शिकतो. ही गाणी चालतील का?

चालतील, पण क्लासमध्ये लावतात त्या गाण्यांपेक्षा थोडी अवघड जातील. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात हे मोजणं तेच राहतं. 'प्लास्तिको'च्या डिस्को सुरुवातीला थांबा, काँगा आला की पाऊल टाका. 'पेद्रो नवाहा'त पहिली काही मिनिटं नुसतं ऐका. पुढे ट्राँबोन तुम्हाला आपोआप उठवतील.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

आधी 'सिएम्ब्रा' सलग, मग 'बुस्कान्दो आमेरिका'. स्पॅनिश येत नसेल तर गाण्याचा अनुवाद शोधून समोर ठेवा. यांच्या बाबतीत शब्द सोडून निव्वळ ताल ऐकणं म्हणजे अर्धं ताट तसंच टाकून उपाशी उठणं. त्यानंतर 1980 चं 'माएस्त्रा विदा', दोन भागांत एका कुटुंबाच्या पिढ्यांची कहाणी. मग 1992 चं 'आमोर ई कोन्त्रोल'. आईच्या कर्करोगाच्या आजारपणातून आलेलं ते शीर्षकगीत रात्री एकट्यानं ऐका. 'पात्रिया' हे मायदेशाविषयीचं गाणं पनामात राष्ट्रगीताच्या खालोखाल प्रेमानं गातात. अलीकडचं हवं असेल तर पनामाच्याच रोबेर्तो देल्गादो यांच्या वृंदाबरोबरचं 2021 चं 'साल्सविंग'.

पुरस्कार किती?

ग्रॅमी आणि लॅटिन ग्रॅमी मिळून दहाहून बरेच अधिक. 2021 मध्ये लॅटिन रेकॉर्डिंग अकादमीनं त्यांना वर्षाची व्यक्ती म्हणून गौरवलं, आणि 'साल्सविंग'ला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं.

त्यांच्यावर माहितीपट आहे का?

आहे. पनामाचे दिग्दर्शक आबनेर बेनाइम यांनी 2018 मध्ये केला. त्यात ब्लेड्स न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून फिरतात आणि आपल्यामागे काय राहील यावर मोकळेपणानं बोलतात. गाणी ऐकून झाल्यावर पाहा. आधी पाहिलात तर ते कुणाबद्दल बोलत आहेत हे अर्धंच कळेल.